तो डबा म्हणजे सीपीयू नव्हे हो

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात विद्यार्थ्यांच्या पानावर कॉम्प्युटरची ओळख म्हणून एक चित्र आलं होतं. टेबलावर मॉनिटर, पुढे कीबोर्ड, माउस, बाजूला उभा डबा, आणि प्रत्येकाला बाण मारून नाव. डब्याच्या बाणापुढे लिहिलंय 'सीपीयू'. माझी पोरगी सातवीत आहे, तिनं ते कापून वहीत चिकटवलं आणि मला दाखवायला दुकानात आली. मी म्हटलं हे चुकलंय गं. तर म्हणते, पप्पा, पेपरात छापलंय, आणि आमच्या बाई पण हेच सांगतात. आता माझं बावीस वर्षांचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान एकीकडे आणि तुमचा पेपर अधिक बाई एकीकडे, त्यात मी हरलो हे सांगायला नकोच. म्हणून हे पत्र. मोबाइलवर टाइप करतोय, लांबेल, कापून छापलं तरी चालेल पण डब्याचं तेवढं कापू नका.

त्या डब्याला कॅबिनेट म्हणतात. नुसतं पत्र्याचं कपाट. आत मोठा हिरवा नाहीतर काळा बोर्ड असतो तो मदरबोर्ड, मागून वायर घुसते तिथे एसएमपीएस, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आतल्यांना वाटणारा पत्र्याचा ठोकळा, मग रॅमच्या पट्ट्या (चालू कामापुरती मेमरी), सगळं साठवून ठेवायला एक हार्ड डिस्क किंवा एसएसडी, आणि मदरबोर्डच्या मधोमध पंख्याखाली दडलेला, काडेपेटीपेक्षा लहान असा एक चौकोन, वर पांढरी पेस्ट लावलेला. तो सीपीयू. प्रोसेसर म्हणा हवं तर, कॉम्प्युटरची सगळी आकडेमोड करणारा मेंदू. १९७१ साली इंटेलनं ४००४ नावाची चिप विकायला काढली, अख्खा प्रोसेसर एका चिपवर, त्यात २३०० ट्रान्झिस्टर (वीज चालू-बंद करणारे बारीक स्विच) होते, आता त्याच आकारात अब्जावधी बसतात. एवढं सगळं ज्या चौकोनात आहे त्याचं नाव आपण पत्र्याच्या कपाटाला दिलंय.

कोणी म्हणेल काय बिघडलं, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतोच, फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतोच. बिघडतं. गिऱ्हाईक दुकानात येऊन सांगतं सीपीयू बंद पडलाय. दुकानदार सरळ असेल तर डबा उघडून बघतो. वाकडा असेल तर न उघडताच मान हलवतो आणि म्हणतो हो, सीपीयूच गेलाय, महागातलं काम आहे. गिऱ्हाइकाला वाटतं आपणच सांगितलं तेच निघालं, म्हणजे माणूस हुशार आहे. खरं सांगायचं तर सीपीयू सहसा जात नाही. पंखा अडकतो, पेस्ट वाळते, एसएमपीएस जळतो, रॅम सुटते, डिस्क मरते, पण तो चौकोन बिचारा डब्यातला सगळ्यात चिवट. बावीस वर्षांत खरोखर मेलेले प्रोसेसर मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच बघितलेत, आणि त्यातला एक गिऱ्हाइकानं स्वतःच काढून पिना वाकवलेला होता.

आमच्या गावातल्या एका रिटायर्ड गुरुजींचं सांगतो. मला चौथीला होते ते. त्यांच्या घरी जुना डेस्कटॉप आहे, पेन्शनचं बघायला, सातबारा काढायला आणि पुण्यातल्या नातवाशी बोलायला. एक दिवस एकही साइट उघडेना. जी उघडावी तिथे लाल त्रिकोण आणि कनेक्शन प्रायव्हेट नाही असा मेसेज. गुरुजींना वाटलं कोणीतरी हॅक केलं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात नेला, त्यांनी सांगितलं मदरबोर्ड गेलाय, साडेसात हजार. गुरुजी तो डबा चादरीत गुंडाळून एसटीनं परत घेऊन आले आणि माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाले, "बघ रे बाबा जरा, खरंच गेलाय का हा?"

मी चालू केला. चालू झाला की! ज्याचा मदरबोर्ड गेलाय तो चालू कसा होईल हा प्रश्न साडेसात हजार सांगणाऱ्याला पडला नाही. खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं तर तारीख १ जानेवारी २०१२. गुरुजींना म्हटलं, गुरुजी, हा चौदा-पंधरा वर्षं मागं जाऊन बसलाय हो. प्रत्येक साइटला एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालेल असं. कॉम्प्युटर आपल्या घड्याळात बघतो, त्याच्या हिशेबानं २०१२ चालू आहे आणि प्रमाणपत्र तर पुढच्या कुठल्या तरी सालात सुरू होणार आहे, मग तो म्हणतो हे खोटं दिसतंय, उघडू नका. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, २०३२ नंबरचा, ३ व्होल्टचा, प्लग काढला तरी घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो संपला होता. चाळीस रुपयांचा सेल टाकला, तारीख लावली, सगळ्या साइट उघडल्या. सेल गेला म्हणजे मदरबोर्ड गेला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला म्हणून कोणी घड्याळ फेकत नाही, भिंत तर मुळीच पाडत नाही.

गुरुजींनी मग एक प्रश्न विचारला, शिक्षकच ते. म्हणाले, "पण मला हे कळणार कसं की बिघाड आत लोखंडात आहे की त्या विंडोजमध्ये?"

साहेब, सगळी गोची इथंच आहे. क्लासात पहिल्या दिवशी शिकवतात हात लावता येतो ते हार्डवेअर, हात लावता येत नाही ते सॉफ्टवेअर. पोरं पाठ करतात, दोन मार्क मिळवतात, संपलं. कॉम्प्युटर बंद पडल्यावर त्या व्याख्येचा काडीचा उपयोग नाही. आमच्या दुकानातली व्याख्या वेगळी आहे, स्क्रू ड्रायव्हरनं दुरुस्त होतं ते हार्डवेअर आणि पेनड्राइव्हनं दुरुस्त होतं ते सॉफ्टवेअर. (मधे एक आगाऊ पाहुणा आहे, बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचं लिहून ठेवलेलं सॉफ्टवेअर, त्याला हात लावताना आम्हीही देवाचं नाव घेतो.)

आणि बिघाड कुठंय हे कळायला एकच गोष्ट बघायची, बटण दाबल्यावर गाडी कुठपर्यंत जाते आणि कुठल्या स्टॉपवर थांबते. बटण दाबलं, पंखाच फिरला नाही, लाइट नाही, तर वीजच आत पोचत नाहीये, प्लग, वायर, एसएमपीएस बघा, विंडोजचा काही संबंध नाही, विंडोज अजून झोपेतच आहे. पंखा फिरला पण स्क्रीन काळी, किंवा आतून टूं टूं असा आवाज येतोय, तर बायोस हजेरी घेतोय, रॅम आहे का, डिस्प्ले आहे का, आणि कोणीतरी गैरहजर आहे. पावसाळ्यात हे फार. दमट हवेनं रॅमच्या पिवळ्या दातांवर थर चढतो, पट्टी काढून शाळेतल्या साध्या खोडरबरानं घासायची, परत खटकन बसवायची, जुलै-ऑगस्टमध्ये माझी निम्मी कामं खोडरबरावर होतात आणि गिऱ्हाइकासमोर खोडरबर काढलं तर पैसे द्यायला त्याचं मन होत नाही, म्हणून काही जण आत नेऊन घासतात. पुढे कंपनीचा लोगो आला आणि मग काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात बूट डिव्हाइस सापडत नाही असं आलं, तर हजेरी पूर्ण झालीय पण डिस्क सापडत नाहीये, केबल सुटलीय किंवा डिस्क गेली, नाहीतर कधी कधी नुसता पेनड्राइव्ह लावून ठेवलेला असतो आणि तो त्याच्यातच विंडोज शोधत बसलाय. विंडोजचा लोगो येऊन गोल गोल फिरतंय आणि पुढं जात नाही, तर आता बहुतेक सॉफ्टवेअरचं दुखणं आहे (डिस्क मरायला टेकली तरी असंच होतं, म्हणून बहुतेक म्हटलं). आणि सगळं चालू झालंय पण एकटं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडत नाही, तर ते एकट्या टॅलीचं, त्यासाठी अख्खा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून आणायची गरज नाही, फोन करा.

आता ऑपरेटिंग सिस्टीम. याचं भाषांतर कार्यकारी प्रणाली वगैरे वाचलं की माझंच डोकं फिरतं. मी गिऱ्हाइकाला लग्नाचं उदाहरण देतो. लग्नघरी कोठीची खोली असते ना, जिथे तेलाचे डबे, साखर, रवा, नारळ सगळं ठेवलेलं असतं आणि दारात एक मामा नाहीतर काका किल्ली घेऊन बसलेला असतो. आचारी येतो, साखर द्या. भटजी येतात, सुपाऱ्या द्या. बँडवाल्याला चहा पाहिजे, मुलीकडच्यांना रूमची किल्ली पाहिजे. सगळे त्या मामाकडे. कोणाला काय, किती, कधी द्यायचं हे तोच ठरवतो, आणि आचाऱ्याला थेट कोठीत शिरू देत नाही, दिलं तर संध्याकाळपर्यंत कोठी रिकामी. कार्यालय, चुली, भांडी, कोठी हे झालं हार्डवेअर. आचारी, भटजी, बँडवाले म्हणजे तुमचे वर्ड, टॅली, क्रोम, गेम, ज्याला आपण सॉफ्टवेअर नाहीतर ॲप म्हणतो. आणि किल्लीवाला मामा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. तोही सॉफ्टवेअरच आहे, पण मालकीचा आव असलेला. तुमचं वर्ड स्वतःहून प्रिंटरशी बोलत नाही, डिस्कवर लिहीत नाही, मामाला सांगतं, मामा करून देतो. मामाचं डोकं सरकलं की आचारी, भटजी सगळे हात बांधून उभे, त्याला आपण हँग झाला म्हणतो.

विंडोज हा एक मामा. ॲपलच्या मशीनवर मॅकओएस हा दुसरा. लिनक्स तिसरा, १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या कॉलेजच्या पोरानं त्याची सुरुवात केली, आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन आज त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. हे सांगितलं की लोक म्हणतात मग माझ्या कॉम्प्युटरवर का नाही. त्यावर पुढे येतो.

कोठीचं उदाहरण निघालंय तर रॅम आणि स्टोरेजचं पण सांगून टाकतो कारण रोज एक तरी माणूस येतो, मेमरी फुल झालीय, रॅम वाढवून द्या. कोठी म्हणजे डिस्क. रॅम म्हणजे आचाऱ्यापुढचा ओटा. जे आत्ता चिरायचं, तळायचं तेवढंच ओट्यावर, लग्न उरकलं म्हणजे वीज बंद झाली की ओटा धुऊन साफ, कोठीतलं मात्र तसंच राहतं. फोटो साठवायला जागा नाही तर कोठी लहान आहे, ओटा वाढवून फोटोंना काय उपयोग. आणि चार सॉफ्टवेअर उघडली की मशीन रडतंय तर ओटा लहान आहे, तिथे कितीही मोठी डिस्क घाला. ओटा भरला की मामा काय करतो, ओट्यावरच्या दोन पराती उचलून कोठीत जमिनीवर ठेवतो आणि लागल्या की परत आणतो, त्या ये-जा मध्ये वेळ जातो आणि आपण माउस आपटत बसतो. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली की मेलेलं मशीन पळायला लागतं ते याचमुळे, हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर फिरणारी सुई असते, एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही.

मोबाइलवाले याच अडाणीपणावर जगतात. बॉक्सवर ८+८ जीबी लिहायचं आणि दुकानदारानं सोळा जीबी रॅम म्हणून गळ्यात मारायचं. त्यातली आठच खरी. दुसरी आठ म्हणजे कोठीतली जमीन, तिला ओटा म्हणतात. तसंच एक टीबीची डिस्क घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येतो, ९३१ जीबीच दिसतेय, बाकीची कुठं गेली. कोणी खाल्ली नाही हो. कंपनी हजाराच्या पाढ्यानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या, माल तेवढाच आहे, मापं दोन. हे समजावताना माझा अर्धा तास जातो आणि तरी माणूस जाताना संशयानं बघतो.

ड्रायव्हर हा शब्द पण लोकांना गाडीचाच वाटतो. आमच्याकडे महा ई-सेवा केंद्रवाले अंगठ्याचं मशीन घेऊन येतात, मशीन खराब झालं, अंगठा घेत नाही, नवीन मागवू का. आत लाल लाइट तर पेटतोय. म्हणजे हार्डवेअर जिवंत आहे. मामाला त्या मशीनची भाषाच येत नाहीये. प्रत्येक कंपनीच्या मशीनशी कसं बोलायचं हे सांगणारं एक छोटं सॉफ्टवेअर लागतं तो ड्रायव्हर, आणि आधारच्या मशीनला त्याच्यावर आणखी आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर लागतं, विंडोज नव्यानं टाकली की ही दोन्ही परत टाकावी लागतात. टाकली, अंगठा घेतला, घरी गेले. प्रिंटरचं पण तेच. विंडोज बदलून आणली आणि प्रिंटर बंद पडला म्हणून प्रिंटर भंगारात घालणारी माणसं मी बघितलीयत.

हे सगळं आत्ताच का लिहितोय तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि तेव्हापासून आमच्या तालुक्यात एक नवीच लाट आलीय. पतसंस्थेचा कारकून, शाळेचे क्लार्क, किराणावाला, सगळे विचारतात, आमचा कॉम्प्युटर आउटडेटेड झाला म्हणे, नवीन घ्यायला सांगितलंय. कोणी सांगितलं? विकणाऱ्यानं. एकाला तर सांगितलं होतं की तारीख उलटली की मशीन चालूच होणार नाही! संपादक साहेब, संपला तो एका मामाचा पगार. लोखंडाला काही झालेलं नाही. विंडोज १० आजही चालू होते, उद्याही होईल. फरक एवढाच की तिच्यात सापडणारी नवी भोकं आता आपोआप बुजवली जाणार नाहीत.

ही भोकं म्हणजे फालतू गोष्ट आहे असंही कोणी समजू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर फिरला, फायली कुलूप लावून पैसे मागायचा. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवायचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं, ज्यांनी ते टाकलं ते वाचले. त्याच भोकाचा फायदा घेणारा दुसरा एक व्हायरस जूनमध्ये आला आणि त्या वेळी आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनरच्या रांगा लागल्या. अपडेट अपडेट म्हणून कॉम्प्युटर मागे लागतो तेव्हा आपण रिमाइंड मी लेटर दाबतो, ते हे.

तर करायचं काय. आधी बघा विंडोज ११ चालते का. तिला साधारण इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. इथे खरी गंमत आहे. बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतं पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं, इंटेलवर त्याचं नाव पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर चालवलं की ते सांगतं चालणार नाही, आणि माणूस नवीन घ्यायला निघतो. बायोसमध्ये जाऊन एक ऑप्शन चालू केला की तेच मशीन पास होतं. गेल्या दिवाळीत एका पतसंस्थेची सहा मशीन अशी पाच-पाच मिनिटांत पास केली, कोटेशन तयार होतं त्यांच्याकडं नव्या सहाचं.

खरंच जुनं मशीन असेल, सहाव्या-सातव्या पिढीचं, तर विंडोज १० लाच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेता येतात, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर घरच्या मशीनला पैसेही लागत नाहीत. त्यानंतर किंवा त्याऐवजी मामाच बदलायचा. लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू (दोन्ही लिनक्सचेच अवतार), फुकट, कायदेशीर फुकट, क्रॅक वगैरे भानगड नाही. मिंटला २ जीबी रॅमवरही चालायची सोय आहे, ४ असली तर आरामात. गुरुजींच्या मशीनवर मी मिंटच टाकलं, पेन्शन, सातबारा, नातू सगळं ब्राउझरमध्येच आहे त्यांचं, मराठी टायपिंगही होतं, त्यांना फक्त एवढंच जाणवलं की स्टार्टचं बटण हिरवं झालं. केरळात सरकारी शाळांमधले कॉम्प्युटर कित्येक वर्षं लिनक्सवर चालतायत, पोरांचं काही अडत नाही.

पण सगळ्यांना लिनक्स घाला असं मी सांगणार नाही, तसं सांगणारे यूट्यूबवर पुष्कळ आहेत आणि त्यांना गिऱ्हाइकाच्या शिव्या खाव्या लागत नाहीत. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, झालं, निम्मा बाजार बाद. आमच्याकडे लग्नपत्रिका छापणारा एक प्रेसवाला आहे, त्याच्याकडे अजून पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर आहे, ज्याचं शेवटचं व्हर्जन २००१ चं, आणि मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे मशीनला खोचायची किल्ली, ते काढलं की अक्षरं उमटत नाहीत. त्याच्या वीस वर्षांच्या पत्रिका जुन्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नेल्या की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी कंस आणि डॉलर येतात. (तुमच्याही ऑफिसात असा एखादा कोपरा असेलच, हसू नका.) त्याला मी सांगितलं, हे मशीन असंच ठेवा, फक्त इंटरनेटची वायर काढून टाका आणि मेल बघायला दुसरं घ्या. कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या मामाच्या हाताखाली काम करतं हे बघूनच मामा बदलायचा.

आता स्वतःचं पण सांगतो, नाहीतर वाटेल हा शहाणा दुसऱ्यांनाच नावं ठेवतोय. दुकान सुरू करून दोनेक वर्षं झाली असतील, एका भुसारवाल्या शेठचा कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून आला. मी विचारलं शेठ काही महत्त्वाचं आहे का, ते म्हणाले काही नाही, सगळं टॅलीतच आहे. त्यांच्या मते टॅली म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेर कुठंतरी सुरक्षित असलेली वही. माझ्या मते टॅलीचा डेटा डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात, डी ड्राइव्हला असणार. बघितलं नाही. विंडोज असते तो सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला, म्हणजे पुसून कोरा केला, नवीन विंडोज टाकली, चकाचक. डेटा सी ड्राइव्हलाच होता, टॅलीच्या फोल्डरात. पावणेदोन वर्षांचा हिशेब. शेठ ओरडले नाहीत, खुर्चीत बसून राहिले, आणि त्यांचा मुलगा नुसता माझ्याकडे बघत होता. मी आणि तो मुलगा दोन महिने रात्री बसून बिलांच्या फायलीवरून परत एंट्र्या मारल्या. तेव्हापासून माझ्या दुकानात नियम आहे, फॉरमॅटच्या आधी अख्खी डिस्क दुसरीकडे कॉपी, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी.

म्हणून हे पण छापाच. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल म्हणजे काही टेबलावर ठेवलेली नसते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही तिन्ही फोल्डर मुळात सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि विंडोजपण तिथंच असते. विंडोज खराब झाली की आमच्यासारखा कोणीतरी तोच ड्राइव्ह पुसतो. एका बाईंचे मुलीच्या बारशाचे फोटो असेच डेस्कटॉपवर होते आणि फॉरमॅट मारणाऱ्यानं (मी नव्हे) विचारलंच नाही. मामा बदलताना कोठी रिकामी करायची गरज नसते, पण कोठीत कुठल्या फळीवर आपलं काय आहे हे घरच्यांना माहीत पाहिजे.

मी स्वतः एमएससीआयटी केलंय, २००१ मध्ये ते सुरू झालं तेव्हा पहिल्या काही बॅचमध्ये, आणि त्या कोर्सनं गावागावात लोकांच्या हातात माउस दिला हे मी कधीच विसरणार नाही. तक्रार कोर्सची नाही. आपल्याकडे एकूणच कॉम्प्युटर शिकवणं म्हणजे इथं क्लिक करा, मग तिथं क्लिक करा. क्लिकची जागा दर तीन वर्षांनी बदलते, विंडोज ११ मध्ये स्टार्टचं बटण मधोमध आलं तर आमच्या बँकेतल्या एका साहेबांनी मला फोन करून बोलावलं होतं, बटण चोरीला गेल्यासारखे घाबरले होते. शाळेच्या लॅबमध्ये एक बंद पडलेलं मशीन असतंच कोपऱ्यात, प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. प्लग काढून ते पोरांसमोर उघडा ना एकदा. रॅम काढायला लावा, परत बसवायला लावा, डीडीआर ३ ची म्हणजे जुन्या पिढीच्या रॅमची पट्टी पुढच्या डीडीआर ४ च्या खाचेत बसत नाही हे त्यांना स्वतःच्या हातानं कळू दे. आत मेलेलं झुरळ निघेल, पाल निघेल, पोरी किंचाळतील, पण सीपीयू कुठाय हे जन्मात विसरणार नाहीत. मी यायला तयार आहे, पैसे नकोत, आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही शाळेनं सांगावं, फक्त पावसाळा सोडून, तेव्हा खोडरबराचा सीझन असतो.

बाकी पुढच्या आठवड्यात ते चित्र परत छापणार असाल तर डबा आहे तसाच राहू द्या, त्याच्यापुढे कॅबिनेट लिहा, आणि सीपीयूचा बाण तेवढा लांबवून पत्र्याच्या आत न्या. माझी पोरगी वहीत नवीन चिकटवेल म्हणालीय, पण पेपरात छापून आलं तरच.

आपला,
एक कॉम्प्युटर रिपेअरवाला, बार्शी
(नाव छापू नये, शेठ अजून माझ्याकडेच येतात)

ता. क. लॅपटॉप दुकानात आणताना चार्जर सोबत आणत जा हो. दहातले सात जण चार्जर घरी ठेवून येतात आणि निम्म्या वेळा बिघाड चार्जरमध्येच असतो.